फाटी फोडायचं मशीन

१२ ऑक्टोबर, दसरा

मशीन उभं राहिलं. जळणाची फाटी फोडायचं, घरचं, माझ्या हातचं.

शहाडला कारखान्यात मेंटेनन्सला होतो तेव्हा प्रत्येक मशिनची वही असायची. तेल कधी बदललं, गळती कुठे, हलगर्जीपणा कोणाचा. रिटायर झालो म्हणून सवय थोडीच जाते? ही डायरी मशिनची. घरातलं रडगाणं यात लिहायचं नाही असं ठरवलंय. बघू.

सिलिंडर उल्हासनगरच्या भंगारवाल्याकडचा, जुन्या प्रेसमधून निघालेला. शेठ म्हणाला, "साईं, इससे क्या बनाओगे, रॉकेट?" मी म्हटलं, "बायकोसाठी कुऱ्हाड." लय हसला. हसू दे. लोखंडी बीमवर ओंडका आडवा ठेवायचा, दांडा दाबायचा, सिलिंडर त्याला पाचरीवर रेटतो. बाभळीची गाठसुद्धा कडकन दुभंगते. मी शिफ्टला असायचो तेव्हा सगुणाच अंगणात कुऱ्हाड घेऊन उभी असायची. लग्न होऊन आली तेव्हापासून. तिच्या हातातली कुऱ्हाड आज काढून घेतली. सोनिवलीत कोणत्या नवऱ्याने केलंय एवढं?

घरात गॅस आहे, चहापुरता. भाकरी, मच्छीचं कालवण आणि अंघोळीचं पाणी चुलीवर. प्रीतमच्या फ्लॅटवर गॅसवरची भाकरी खाल्ली होती, त्यापेक्षा पुठ्ठा बरा. पण पोराला सांगायची सोय नाही. त्याला हेंद्रेपाड्यातल्या तिसऱ्या मजल्याचं भारी कौतुक.

मशिनला झेंडूचा हार घातला. सगुणा ओवाळायला आली, पण मध्येच खोकला आला आणि निरांजन सुनेच्या, तेजस्वीच्या, हातात देऊन बाजूला झाली. सणासुदीला हिचं काहीतरी असतंच.


३१ ऑक्टोबर, पहिली अंघोळ

प्रीतम आणि तेजस्वी काल राहायला आले. सगळ्यांना कढत पाणी, तेही मशिनच्या फाट्यांवर. लाकूड सारख्या जाडीचं असलं की आच कशी एकसारखी लागते. मी दोनदा म्हटलं, कोणी ऐकलं नाही.

सगुणा पहाटेपासून चुलीपुढे. तेजस्वी म्हणाली, "आई, तुम्ही बाहेर बसा, मी बघते." मी म्हटलं, "तुला जमणार नाही." खरंच जमलं नसतं. चूल पेटवणं म्हणजे बटण दाबणं नाही.

जाताना प्रीतम म्हणतो, "बाबा, गीझर लावून देऊ का?" एवढं मशीन बनवलं ते काय शोकेसला? डोक्याला शॉट नुसता.


१० नोव्हेंबर

पहिलं तेल बदललं. नवीन जुळणीत लोखंडाचा कीस सुटतो, म्हणून पहिलं तेल लवकर काढायचं असतं. लोक काढत नाहीत आणि पंप गेला की नशिबाला दोष देतात. फिल्टर नवा टाकला. पाचरीला कानस मारली. बीमला ग्रीस.

काढलेलं तेल फेकायचं कशाला? पूर्वी रेशनचं रॉकेल मिळायचं, आता नावालाही नाही. बाटल्यांत भरून सगुणाला दिलं. चमचाभर टाकलं की चूल लगेच धरते. तिने वास घेतला आणि तोंड फिरवलं.

"आवो, ये मशिनचं तेल हाय. यावर भाकरी भाजू?"

"तेलावर नाही, जाळावर भाजतेस," मी म्हटलं. बाटल्या घेऊन आत गेली.

उरलेल्या स्टीलच्या पाइपातून तिला फुंकणी करून दिली. जुनी बांबूची जळून तोकडी झाली होती. ही लांब आहे, तोंड जाळापासून दूर राहतं. एवढा विचार करतो मी.


२४ नोव्हेंबर

लाकडाची सोय झाली. अंबरनाथला एमआयडीसीत एका कारखान्याच्या गेटवर आपल्या ओळखीचा वॉचमन आहे. केमिकलची पिंपं ज्या लाकडी पॅलेटवर येतात ती पॅलेटं तिथे मोडून पडलेली असतात. टेम्पोभर आणली. खिळे उपटले आणि मशिनवर टाकली. सुकं लाकूड, पाचर लागताच फुटतं.

बुधाजी कुंपणावरून बघत होता. माझा चुलतभाऊ. कामधंदा नाही, तोंड मात्र चालू. "हरिचंद्रा, हे लाकूड हिरवं का दिसतंय?"

"तुझ्या डोळ्यात कावीळ."

"काविळीत पिवलं दिसतं रे," म्हणाला आणि खिदळत गेला.


२ डिसेंबर

पॅलेटच्या लाकडाला जाळ निळाहिरवा येतो. बघायला मजा वाटते. सगुणा म्हणते डोळे चुरचुरतात, घसा धरतो. मी पडवीत बसतो, मला तर काही होत नाही.

मागच्या टॉवरमधली एक बाई गॅलरीतून ओरडली, "अंकल, स्मोक येतोय, बच्चे लोग खाँस रहे हैं!" मी पण ओरडलो, "हम पहले से हैं इधर, आप बाद में आया!" आमची भातशेती होती तिथे त्यांचं पार्किंग आहे. आता आम्ही श्वाससुद्धा त्यांना विचारून सोडायचा.


७ डिसेंबर

फुंकणी तशीच खुंटीला. वापरतच नाही. पुठ्ठ्याने वारा घालत बसते, अर्धा जाळ, दुप्पट धूर. विचारलं तर म्हणे, "वजनदार हाय." पाइपाचा तुकडा तो, वजनदार! कोणाला काही करून द्यायची सोय राहिली नाही.


१५ डिसेंबर

मशीन आचके द्यायला लागलं. दांडा दाबला की सिलिंडर थांबत थांबत जातो आणि पंप किंचाळतो. शोधत बसलो आणि सापडलं. तेलटाकीच्या झाकणावर ब्रीदर असतो, छोटी जाळी. सिलिंडर पुढे गेला की टाकीतलं तेल खाली जातं आणि जाळीतून हवा आत येते. माझी जाळी भुशाने बुजलेली. हवा नाही म्हणजे पंप ओढणार काय? टाकीलाही श्वास लागतो. नवीन पोरांना हे शिकवता शिकवता मी म्हातारा झालो.

जाळी धुतली, वाळवली, बसवली. आवाज लगेच निवळला. समाधान वाटलं.

जेवायला उशीर झाला. सगुणा भाकऱ्या टाकता टाकता उंबऱ्यावर येऊन बसली होती. तव्यावरची करपली. आजकाल भाकरी करते आणि बसते, भाकरी करते आणि बसते.


२० डिसेंबर

मधे अवकाळी शिंतोडे पडले, मशीन उघडं राहिलं. तेल दुधासारखं झालं, म्हणजे पाणी गेलं. सगळं काढलं, पुन्हा नवीन. आता जाड प्लास्टिक घालतो रोज. माणसाने निष्काळजी किती असावं, माझाच मला राग आला.

खराब तेल चुलीला.

सगुणा हल्ली भिंतीला टेकून बसून झोपते. म्हणे आडवं झालं की छाती दाबते. मी म्हटलं, उशी उंच घे. कसली नाटकं करते काय माहीत. प्रीतमकडे जाऊन राहायचं असेल, तोंडाने बोलायचं नसेल.


२३ डिसेंबर

प्रीतम येऊन सगुणाला हॉस्पिटलात घेऊन गेला. आला तेव्हा ती पायरीवर बसली होती आणि तिला त्याचं नाव घेता येत नव्हतं. "प्री" म्हणायची आणि थांबायची. ओठांचा रंग बघून पोरगा माझ्यावर ओरडला, "बाबा, तुम्ही बघता काय दिवसभर?"

मी काय बघतो? घर मी बघतो, लाकूड मी बघतो. ती रोज समोर असते, त्यात वेगळं बघायचं काय?


२६ डिसेंबर

हॉस्पिटलात गेलो होतो. डॉक्टरने प्रीतमला विचारलं, "आई विडी ओढतात का?" माझं डोकंच फिरलं. आमच्या घरातली बाई आणि विडी! मी म्हटलं, "डॉक्टर, तोंड सांभाळून बोला. मी पण कधी शिवलो नाही."

डॉक्टर शांतपणे म्हणाला, "मग धूर कुठून गेला एवढा?"

सगुणाच्या तोंडावर मास्क होता. तिने हात वर केला आणि भाकरी थापतात तसा हवेत फिरवला. डॉक्टरला कळलं नाही. मला कळलं.


२८ डिसेंबर

डॉक्टर म्हणतो फुप्फुसं परत पहिल्यासारखी होणार नाहीत, आहेत तेवढी जपायची. धुरापुढे एक दिवससुद्धा बसायचं नाही.

रागावून बाहेर आलो. माझ्या आईने जन्मभर चूल फुंकली. तीही शेवटी खोकतच गेली, पण ते वयाने.

तेजस्वी पाठोपाठ आली. कधी उलट बोलत नाही पोरगी. आज म्हणाली, "बाबा, आईंनी मला दिवाळीतच सांगितलं होतं की त्या तेलाने जीव घुसमटतो. तुम्हाला सांगा म्हटलं तर म्हणाल्या, एवढ्या हौसेने मशीन बनवलंय, त्यांचं मन मोडेल."

दिवाळीत तर मी तेल दिलंही नव्हतं, असं सांगणार होतो. मग आठवलं, मशीन जुळवताना सिलिंडरमधून जुनं तेल निघालं होतं, ते मीच दसऱ्याच्या आधी मोरीपाशी ठेवलं होतं, चुलीला घे म्हणून. या डायरीत लिहिलंच नाही. मशीन तेव्हा चालू झालं नव्हतं ना.


१४ जानेवारी, संक्रांत

सगुणा हेंद्रेपाड्यालाच. प्रीतम सरळ बोलला, "चूल मोडा, आईला आणून सोडतो. चूल राहिली तर आई नाही."

चूल मोडा म्हणे! आमच्यात चूल मोडतात ती घर बुडाल्यावर. आईच्या हातची चूल आहे ती. दरवर्षी सगुणा शेणामातीने सारवते, बोटांचे ठसे दिसतात अजून. मी म्हटलं, "चूल राहील. पेटवू नका म्हणजे झालं." तो म्हणाला, "घरात असली तर ती पेटवणार. तुम्ही एकदा गॅसच्या भाकरीला नाक मुरडलं की ती पेटवणारच."

माझ्यावर ढकलायचं म्हणजे सोपं.


१९ जानेवारी

मशिनला काम नाही. तरी चालू केलं, पाच मिनिटं चालवून बंद केलं. सील सुकतात नाहीतर.


३ फेब्रुवारी

आज मी चूल पेटवली. आयुष्यात पहिल्यांदा. लिहायला लाज वाटते, पण खरं तेच लिहायचं.

गॅसचं सिलिंडर संपलं होतं, अंघोळ करायची होती. म्हटलं त्यात काय विशेष, माझीच फाटी, माझंच तेल. चार फाटी रचली, तेल ओतलं, काडी लावली. काळा लोट उठला तो थेट तोंडावर. मग जाळ बसला आणि नुसता धूर. फुंकणी घेतली, ती मी बनवलेली. वाकून फुंकलं. एकदा, दोनदा. छातीत कोणीतरी मूठ आवळल्यासारखं झालं. पडवीत येऊन ओकलो. डोळ्यांतून पाणी थांबेना.

थोड्या वेळाने पुन्हा आत गेलो आणि फुंकणी उचलली. वजनदार नाही ती. मुळीच नाही. सगुणाकडे फुंकायला श्वास नव्हता आणि मी मेला इथे लिहीत बसलो की वापरत नाही.

सकाळ, संध्याकाळ. भाकरी, कालवण, पाणी. मी पडवीत चहा पीत ओरडायचो, "झालं का गं?"

गार पाण्याने अंघोळ केली.


५ फेब्रुवारी

बाटल्यांतलं तेल पिंपात भरून ठेवलं, एक जण जुनं तेल घेऊन जातो त्याला देणार. उरलेली पॅलेटं टेम्पोत घालून गेटवर परत टाकायला गेलो. वॉचमन म्हणाला, "काका, कुछ हुआ क्या?" म्हटलं, "हो गया." काय ते त्याने विचारलं नाही.


११ फेब्रुवारी

पहार घेतली आणि चूल मोडली.

बुधाजीला आवाज गेला, धावत आला. "हरिचंद्रा, येडा झालास काय! वहिनी जिती हाय ना अजून?" त्याची मान धरणार होतो. मग बघितलं तर त्याच्याच डोळ्यांत पाणी. लहानपणी त्याच चुलीपुढे बसून आम्ही दोघांनी सुकट भाजून खाल्लीय.

माती पाटीत भरून आंब्याच्या बुंध्याशी टाकली. सगुणाच्या बोटांच्या ठशांचा एक तुकडा मात्र पाटीत घातला नाही. कुठे ठेवला ते लिहीत नाही.

प्रीतमला फोन केला, "मोडली. आण तिला."

तो म्हणाला, "बाबा, परवापासून आईला ऑक्सिजनचं मशीन लागतंय. दिवसरात्र. सोनिवलीत लाइट जाते. इथे बिल्डिंगला जनरेटर आहे."

"मी इन्व्हर्टर बसवतो. जनरेटर बनवतो."

"बाबा," तो म्हणाला, "ती नको म्हणते."

फोन तिच्याकडे द्यायला सांगितलं. मला तिचा श्वास ऐकू आला, आणि मागे कसलीतरी घरघर. हळूहळू म्हणाली, "मना इथं बरं वाटतं. तुमी जेवलाव का?"


१३ मार्च, होळी

अंगणातली सगळी थप्पी गावच्या होळीला दिली. चांगली लाकडं, बाभूळ, आंबा, सुरू. पोरं बैलगाडीसारखी हातगाडी भरून नेत होती आणि म्हणत होती, काका, काय फोडलीत एकसारखी! दसऱ्याला हेच ऐकायची केवढी हौस होती मला.

दरवर्षी सगुणा नैवेद्य घेऊन पुढे आणि मी नारळ घेऊन मागे. आज मी एकटाच. पुरणपोळी तेजस्वीने डब्यात दिलेली, गॅसवरची. बायका विचारायला लागल्या, "वयनी कुठं? होलीला पण नाय आली?"

मी म्हटलं, "तिला धूर चालत नाही."

बोललो आणि माझंच मला ऐकू आलं. बुधाजीची म्हातारी आई शेजारीच उभी होती. ती कोणाकडे न बघता म्हणाली, "कोनाला चालतं रे?"

होळी पेटली. सुकं लाकूड, लगेच धरली. मी लांब जाऊन उभा राहिलो.


३० मार्च, पाडवा

हेंद्रेपाड्याला गेलो. गॅलरीत गुढी. सगुणा खुर्चीत, नाकात नळी, नवी साडी. खूप बारीक झालीय. साखरेची गाठी माझ्या हातावर ठेवली आणि बसा म्हणाली.

कोपऱ्यात तिचं मशीन. आवाज ऐकला आणि माझं लक्ष लागेना. घरघर जास्त होती, ओढताना अडखळत होतं. प्रीतमला म्हटलं, "याची जाळी कधी साफ केली?" तो म्हणाला, "कसली जाळी?"

त्याच्यावर ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं. मी कोणाला ओरडणार?

पुस्तिकेसोबत एक जास्तीचा फिल्टर होता तो मागच्या जाळीच्या जागी बसवला. काढलेली जाळी स्पंजची, धुळीने भरलेली, राखाडी. बेसिनमध्ये कोमट पाण्याने धुतली, साबणाचा फेस पूर्ण जाईपर्यंत, पिळली नाही, फडक्यात दाबली. आवाज निवळला. आता दर रविवारी येऊन धुणार, असं तेजस्वीला सांगितलं.

सगुणा सगळं बघत होती. ती बोलते तेव्हा मधे मधे थांबते, तेवढं थांबून ऐकावं लागतं. चाळीस वर्षांत मी पहिल्यांदा थांबून ऐकलं.

"मशिनला... श्वास लागतं," ती म्हणाली, "ते बरं... कलतं तुमाना."

चिडून नाही म्हणाली. चिडली असती तर बरं झालं असतं, मला उलट बोलता आलं असतं. मी जाळी गॅलरीत सावलीत वाळत ठेवली. उन्हात ठेवली की स्पंज कडक होतो.

घरचं मशीन प्लास्टिकखाली आहे. त्याचं तेल बदलायला आलंय. बदललं नाही.